साखळी, चोळी आणि कडे

न्यू टाउनहून राजारहाट मागे टाकून टाकी रस्त्याला लागले, की बशीरहाटच्या अलीकडे धान्यकुडिया हे गाव लागते. काचेच्या उंच इमारतींमधून निघालेला माणूस तेथे पाहता पाहता एका बुडालेल्या शतकात जाऊन पोहोचतो. तेथील जमीनदारी वाड्यात ‘साहिब बीबी और गुलाम’ (1962) या चित्रपटाचे चित्रीकरण झाले होते. त्याची वेशभूषा करणाऱ्या भानू अथैया या मूळच्या कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. वंगभूमीत राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस त्यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच होय.

1940 नंतरच्या दशकात अमेरिकेत गुन्हा, मोह आणि विश्वासघात यांच्या कथा सांगणारे काळोखे चित्रपट निघू लागले. फ्रेंच समीक्षकांनी 1946 मध्ये त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. या चित्रपटांतील माणसे सर्रास खोटे बोलतात. मग प्रेक्षकाने साक्ष काढावी कोणाची? ती कपड्यांची काढावी लागते. ‘डबल इंडेम्निटी’ (1944) मध्ये नायिका जिना उतरू लागते, तेव्हा कॅमेरा आधी तिच्या पायातील बारीक साखळी टिपतो. विमा विकावयास आलेला नायक त्या साखळीतच अडकतो. ही वेशभूषा एडिथ हेड यांची.

ही काळोखी तऱ्हा मुंबईत रुजविणाऱ्यांत गुरुदत्त अग्रभागी होते. त्यांचे बालपण कलकत्त्यात, भवानीपुरात गेले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. त्यांची निर्मिती आणि राज खोसला यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘सी.आय.डी.’ (1956) पासून भानूताई त्यांच्या चमूत आल्या. त्या चित्रकाराच्या कन्या, जे. जे. कलाशाळेत सुवर्णपदक मिळविलेल्या. वस्त्राकडे त्या चित्रकाराच्याच नजरेने पाहत. या चित्रपटातील खलनायक धरमदास शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून वावरतो. त्याचे कपडे निर्भेळ खोटे बोलतात. कामिनीचे तसे नाही. नायकाला निसटता यावे म्हणून ती गाण्यातून खलनायकाची नजर खिळवून ठेवते. तिचा पेहराव मोहक दिसतो खरा, परंतु त्या घटकेला तो शस्त्राचे काम करीत असतो.

ही कामिनी रंगविणारी वहिदा रेहमान तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. न रुचणारे कपडे घालणार नाही, असे कलम तिने करारात आधीच घालून घेतले होते. या गाण्यासाठी शिवलेली चोळी पारदर्शक आहे असे दिसताच, ती आहे तशी अंगावर घालण्यास तिने नकार दिला. आमच्या मते चूक कोणाचीच नव्हती. भानूताई कामिनीचा विचार करीत होत्या, वहिदा स्वतःचा. पात्राचे वस्त्र अखेर कोणाच्या तरी खऱ्या अंगावर चढते, ही गोष्ट वेशभूषेवर लिहिणारे बहुधा विसरतात.

‘साहिब बीबी और गुलाम’ काटेकोर अर्थाने फिल्म न्वार नव्हे, परंतु व्ही. के. मूर्ती यांच्या छायाप्रकाशात तो त्याच कुळातला वाटतो. खेड्यातून आलेल्या भूतनाथचे बूट करकरतात आणि त्याच्या आधी त्याचा भाबडेपणा घरात शिरतो. ब्राह्मो घरातील जबा आणि हवेलीतील छोटी बहू या दोघी भिन्न जगांतल्या आहेत, हे सांगावयास संवाद लागत नाही; लुगडे नेसण्याची रीत पुरते. ब्राह्मो स्त्रियांच्या नेसणीचे मूळ तर आपल्याच मुंबईत आहे. सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात नोकरीस असताना त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी 1864 मध्ये तेथे गेल्या. पारशी स्त्रियांची नेसण त्यांनी पाहिली, पदर उजव्या खांद्याऐवजी डाव्या खांद्यावर घेतला, आणि बंगालात ती रीत ‘बोंबाई दस्तूर’ म्हणून पसरली. येथील शेजारणी आमच्या घरातील नऊवारीकडे कुतूहलाने पाहतात, तेव्हा हे सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही!

छोटी बहू मात्र दागिन्यांनी मढलेली, कपाळी ठसठशीत कुंकू. पतीला घरात राखण्यासाठी ती ‘मोहिनी सिंदूर’ मागविते. तो निष्फळ ठरतो, मग ती मद्याला जवळ करते. शृंगार तोच राहतो, पण त्यातील सौभाग्याचा अर्थ गळून पडतो. हा उतार मीनाकुमारींनी अभिनयाने दाखविला, तितकाच भानूताईंनी वस्त्रांतून.

पुढे भानूताईंना ‘गांधी’ चित्रपटासाठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 15 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वृत्तपत्रांनी तेव्हा ऑस्करचाच गौरव केला. आम्हांस आठवतो तो मात्र त्या हवेलीचा शेवट. पडक्या वाड्यात खणताना एक सांगाडा सापडतो. चेहरा नाही, वस्त्र नाही. वयस्क झालेला भूतनाथ वाकून पाहतो. मनगटावरच्या कड्यावरून त्याला ओळख पटते.