ओमेगा-३च्या गोळ्या: मुलांच्या मेंदूला आणि नजरेला खरंच गरज आहे का?

परीक्षा जवळ आल्या की पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, "मुलाला ओमेगा-३ची बाटली सुरू करू का?" मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या आपल्या घरांनी पैसे खर्च करण्याआधी हे वाचावं.

डीएचए म्हणजे काय?
हे ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल. मेंदूच्या पेशींत आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यात ते भरपूर असतं. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळाची पहिली दोन वर्षं हा ते साठण्याचा मुख्य काळ. बाळाला ते आधी आईच्या रक्तातून, नंतर दुधातून मिळतं. म्हणून आईचा आहार महत्त्वाचा.

संशोधन काय सांगतं?
बेळगावात ९५७ गरोदर महिलांवर ‘धनी’ नावाची चाचणी झाली. एका गटाला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए दिलं, दुसऱ्याला डीएचए नसलेली गोळी. मुलं वर्षाची झाल्यावर दोन्ही गटांच्या बौद्धिक आणि शारीरिक विकासात ठळक फरक आढळला नाही. मात्र २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात, ७० चाचण्यांच्या आधारे, गरोदरपणी ओमेगा-३ घेतल्याने वेळेआधी प्रसूतीचा धोका कमी होतो असं दिसलं. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नये. पण गोळीने मार्क वाढतील किंवा चष्म्याचा नंबर उतरेल, याला भक्कम पुरावा नाही.

ताटातलं ओमेगा-३
बांगडा आणि तारली स्वस्त, आणि ओमेगा-३ने भरलेले. आठवड्यातून दोनदा कालवण झालं तरी बहुतेक मुलांची गरज भागते. तळण्यापेक्षा कालवण बरं. मुशीसारख्या मोठ्या माशांत पारा जास्त असतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ते टाळावेत. जवस, अक्रोडातल्या ओमेगा-३चं डीएचए शरीरात फार थोडं बनतं.

गोळी घ्यायचीच असेल तर
• कॅप्सूलचं जिलेटिन कोणत्या जनावराचं, हे लेबलवर पाहा. मांसाहाराच्या तपकिरी खुणेवरून ते कळत नाही. हलाल प्रमाणपत्र असलेली किंवा शेवाळाच्या तेलाची, वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल मिळते.
• कॉड माशाच्या लिव्हरच्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व जास्त असतं. गरोदरपणी ते अती झालं तर बाळाला अपाय होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.
• मुलाला फळा दिसत नसेल तर बाटली नको, आधी डोळे तपासून घ्या.