केडगावच्या रमाबाई

केडगाव म्हटलं की आमच्या घरात फक्त नारायण महाराजांचं बेट आठवायचं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतलं एक स्टेशन, उतरायचं आणि दर्शन घेऊन परत यायचं, एवढंच. त्याच केडगावात पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' आहे हे शाळेत एका ओळीत वाचलेलं होतं, तेही परीक्षेपुरतं.

बाबा गेले त्यानंतरच्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "देव परीक्षा बघतो गं." मला या वाक्याची चीड यायला लागली होती. मी ख्रिस्ती नाही, फारशी धार्मिकही नाही. पण ज्या बाईवर संकटांची रांगच लागली तिला श्रद्धेतून नेमकं काय मिळालं असेल, या कुतूहलानं मी रमाबाईंची 'माझी साक्ष' हातात घेतली.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मसभेपुढे जाब द्यावा लागलेला माणूस. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगून जगायचं. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते दानधर्म आणि अनुष्ठानांत संपलं, मग पाला खाऊन दिवस काढले. काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि मोठी बहीण गेली. आईला न्यायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. तिची उंची कमी पडायची, म्हणून तिनं आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण पुढे सांगते.

त्यानंतर भावाबरोबर पायी भटकंती, १८७८ साली कलकत्त्यात पंडितांनी दिलेली 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदं, १८८० मध्ये भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, मुलगी मनोरमा, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवराही गेला. वय तेवीस! १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबरला, वाँटेज इथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इथे पुण्यात गहजब झाला, तो आपल्याला माहीत आहेच.

पण धर्म बदलला म्हणजे रमाबाई मऊ झाल्या, असं कुणाला वाटत असेल तर सिस्टर जेराल्डीनबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार बघावा. चर्चची जी शिकवण बायबलात दिसत नाही ती मी का मानू, म्हणून वाद घालतात. शाकाहार सोडत नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नाहीत, असंही विचारतात. ज्या देवाकडे आधार मागायचा त्याच्या माणसांशी भांडायलाही ही बाई घाबरत नाही.. मला हे फार आवडलं. शिवाय त्यांनीच पुढे प्रांजळपणे लिहिलं आहे की आधी मला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे. तो सापडायला आणखी काही वर्षं गेली.

मधला शारदा सदनाचा इतिहास (१८८९ मध्ये मुंबई, मग पुणे, मग १८९३ चं वादळ आणि पालकांनी काढून नेलेल्या मुली) पुष्कळ ठिकाणी लिहिला गेला आहे. असो.

मला सांगायचंय ते १८९६-९७ चं. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंना आपली उपासमार आठवली आणि त्या तिकडे निघाल्या. हाताशी पैसा पुरेसा नव्हता. वीस वर्षांपूर्वी दुष्काळात जी मुलगी पाला खात होती तीच आता, देव भागवेल या भरवशावर, दुष्काळात मुली गोळा करत फिरत होती. सुमारे तीनशे मुली आणि बायका आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा काय घालायचं, याचा विचार करूनच मला घाम फुटतो.

आणि तिथे काय होतं? विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, शेती, गोठा, छापखाना. प्रत्येकीच्या हाताला काम. याचं मूळ मला 'माझी साक्ष'मध्ये सापडलं. आपल्या घरच्यांबद्दल त्या लिहितात की आम्हाला भीक मागायची लाज वाटे, हलकी कामं करण्यात कमीपणा वाटे आणि पोटापुरतं मिळवण्याचा दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. देवाधर्मात बुडालेलं घर उपाशी मेलं हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून मुक्तीत प्रार्थना होती, तसाच घाणाही होता. माझ्या मते त्यांच्या श्रद्धेचं बळ नेमकं इथे दिसतं.

संकटं थांबली नाहीत हेही खरं. कान अधू होत गेले. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि ते संपत आलं असताना २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. चाळिशीची, संस्थेचा भार उचलणारी एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेलं ते बायबल १९२४ साली पूर्ण बाहेर आलं.

आता ते मिटलेलं पुस्तक. बाबांना खांदा मी दिला होता. आम्हाला भाऊ नाही. एक काका अंगणातच मोठ्यानं म्हणाले होते, "हे आपल्यात चालत नाही." आई तेव्हापासून त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. तिला ते पटलं की नाही, हे विचारायचं धैर्य मला झालं नव्हतं.

एका संध्याकाळी मी तिला तो डोक्यावरच्या भाराचा प्रसंग वाचून दाखवला. ती लसूण सोलत होती. हात थांबले.

"केवढी होती गं ती?"

"सोळा-सतराची असेल."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पुन्हा लसूण हातात घेत म्हणाली, "तू उंच आहेस ते बरंय. यांच्यावर गेलीस."