पंचग्रंथ उतरून काढणारा मुलगा



रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचली असेल. मुलांसाठी केलेल्या छोट्या पुस्तकांत जहाज, बेट आणि वाळूतले पाऊल राहते. क्रूसोचे पवित्र शास्त्र मात्र बहुधा गळून पडते. ते शास्त्र त्या गोष्टीत का आले, हे समजण्यासाठी तिचा लेखक डॅनिएल डिफो याचे आयुष्य पाहावे लागते.

डिफोचा जन्म १६६० च्या सुमारास लंडनमध्ये झाला. वडील मेणबत्त्यांचे व्यापारी. १६६२ मध्ये इंग्लंडच्या राजमान्य चर्चची उपासनापद्धती सर्वांवर सक्तीची झाली, तेव्हा ती न मानणाऱ्या सुमारे २००० पाळकांना आपली पदे गमवावी लागली. डिफो कुटुंब आपल्या पाळकाबरोबर बाहेर पडले. अशा लोकांना डिसेंटर म्हणत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे त्यांच्या मुलांना बंद होती.

छापील शास्त्रे सरकार काढून घेईल, अशी भीती एकदा या लोकांत पसरली. तेव्हा लहानग्या डॅनिएलने रात्रंदिवस खपून मोशेचे पाचही ग्रंथ लघुलिपीत उतरून काढले. मग थकला आणि थांबला. ही आठवण त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे.

त्याने पाळक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, पण तो व्यापारात शिरला. १६९२ मध्ये दिवाळे निघाले. कर्ज १७,००० पौंड. पुढे त्याने लेखणी हाती घेतली. १७०२ च्या शेवटी त्याने निनावी पत्रक काढले. एखाद्या कट्टर धर्माधिकाऱ्याचा आव आणून त्यात लिहिले, की डिसेंटरांच्या उपदेशकांना फाशी द्या आणि ऐकणाऱ्यांना देशाबाहेर घालवा. द्वेषाची भाषा कुठवर जाते हे त्याला दाखवायचे होते. पण काहींनी ते खरेच मानले आणि लेखक कळल्यावर दोन्ही बाजू खवळल्या. त्याला पकडण्यासाठी ५० पौंडांचे इनाम लागले. जुलै १७०३ मध्ये तीन दिवस त्याला मान व हात फळीत अडकवून भर चौकात उभे केले गेले.

तुरुंगातून त्याला रॉबर्ट हार्ली या राजकारण्याने सोडवले. त्याची किंमत म्हणून डिफो सरकारचा लेखक आणि गुप्तहेरही झाला. १७०४ ते १७१३ पर्यंत ‘रिव्ह्यू’ हे पत्र त्याने जवळजवळ एकट्याने लिहिले. पुढे तर एका पक्षाच्या पैशाने दुसऱ्या पक्षाच्या पत्रात लिहिण्याचे कामही त्याने केले. त्याला संत म्हणता येणार नाही.

१७१९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिली. क्रूसो बुडालेल्या जहाजातून तीन पवित्र शास्त्रे बेटावर आणतो, पण नऊ महिने ती पेटीतच पडून राहतात. तापाने फणफणल्यावर तंबाखू शोधताना एक हाती लागते. उघडतो तर समोर स्तोत्र ५०:१५ येते. संकटाच्या दिवशी मला हाक मार, असे देव तेथे सांगतो. क्रूसो आयुष्यात पहिल्यांदा गुडघे टेकून प्रार्थना करतो.

हा पश्चात्ताप खरा वाटतो. तरीही तो अपुरा आहे. बेटावर येण्यापूर्वी क्रूसोने झूरी नावाच्या मुलाला ६० नाण्यांना विकले होते. ज्याच्याबरोबर जीव वाचवून पळाला, तोच हा मुलगा. विकत घेणाऱ्या कप्तानाची बोली अशी, की झूरी ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी त्याला सोडू. पुढे क्रूसो निघाला तोही आफ्रिकेतून गुलाम आणायलाच. आपल्या पापांचा हिशेब करताना बापाची अवज्ञा त्याला आठवते, पण हा सौदा पाप म्हणून आठवत नाही. झूरी नाही याची खंत वाटते, ती कामाला हात कमी पडतात म्हणून.

डिफोला हे कळत नव्हते असे नाही. १७०२ च्या एका कवितेत त्याने या व्यापाराची निंदा केली होती. नंतर ‘रिव्ह्यू’मध्ये मात्र आफ्रिकेच्या व्यापाराची बाजू घेतली, आणि त्या व्यापारात माणसांचीच खरेदी-विक्री होती. माणूस चोरून विकणाऱ्यास निर्गम २१:१६ मृत्युदंड सांगते. पंचग्रंथ लिहून काढताना हे वचन त्या मुलाच्या हाताखालून गेले असणार.

आणि स्तोत्र ५०? पंधराव्या वचनाच्या लगेच पुढे देव दुर्जनाला विचारतो, की माझे नियम बोलून दाखवण्याचा तुला काय अधिकार? अठराव्या वचनात चोराशी हातमिळवणी करणाऱ्याला दोष लावला आहे. क्रूसोच्या गोष्टीत ही वचने येत नाहीत.

डिफो १७३१ मध्ये सावकारांपासून लपत वारला. लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये, डिसेंटरांच्या दफनभूमीत, त्याला पुरले. १८७० मध्ये एका ख्रिस्ती वर्तमानपत्राच्या आवाहनावरून मुलामुलींनी जमवलेल्या वर्गणीतून तेथे स्तंभ उभा राहिला.

आपल्या घरीही सांत्वनाच्या वचनांखाली रेघा मारलेल्या असतात. आज स्तोत्र ५० उघडू या आणि पंधराव्या वचनावर न थांबता शेवटपर्यंत वाचू या. ज्याच्या कष्टावर माझे घर चालते, त्याच्याशी मी कसा वागतो, हे प्रभू आपल्याला दाखवो. आमेन.