आजारपणातील पगार (रायगड किनारा)

आजारामुळे कामावर येऊ न शकलेल्या कामगाराला कायद्याने मिळणारी रक्कम. भारतात ती मुख्यतः मालकाच्या गल्ल्यातून थेट येत नाही, विम्यातून येते. बी. पी. अदारकर यांच्या 1944 च्या अहवालावर उभा राहिलेला 1948 चा राज्य कामगार विमा कायदा हा तिचा पाया. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली.

दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकासाठी मालकाने पगाराच्या 3.25 टक्के भरायचे आणि कामगाराचे 0.75 टक्के कापून तेही जमा करायचे. कापलेले पैसे न भरणे हा गुन्हा आहे. डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या 70 टक्के मिळतात. क्षय, कर्करोग अशा दीर्घ आजारांत 80 टक्के. दुकाने-हॉटेलांसाठीच्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात 8 दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा आहे, आजारपणाची वेगळी रजा नाही.

उरणचे बंदर, थळचा खत कारखाना अशा ठिकाणच्या कायम कामगाराची घडी नीट बसलेली असते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पर्यटनात ती विस्कटते. विम्याला 10 माणसांची अट आहे. घरगुती खानावळीत इतकी माणसे नसतात. मोठ्या हॉटेलात नोंद झाली तरी सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी लागते आणि नव्या माणसाचा लाभ नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. दिवाळीला लागून मेअखेर सुटणाऱ्याच्या हंगामात तो येतच नाही. हा दोष मालकाचा नव्हे, नियमाचा आहे.

सर्वांत उघडा पडतो तो मच्छीमार बोटीवरचा खलाशी. नाखव्याकडे तो बहुधा वाट्यावर असतो. बोटीवर गेला नाही तर वाटा नाही. याच किनाऱ्यावरून व्यापारी जहाजावर जाणाऱ्या खलाशाला मात्र भारताने 2015 मध्ये स्वीकारलेल्या सागरी श्रम कराराचा आधार आहे : नोकरीत आजारी पडल्यास जहाजमालकाची वेतनाची जबाबदारी किमान 16 आठवडे. मासेमारी बोटी त्या करारातून वगळल्या आहेत आणि त्यांच्यासाठीचा 2007 चा करार भारताने स्वीकारलेला नाही.

संहितेच्या कलम 45 नुसार असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारला याच विम्याची वेगळी योजना आखता येते. बोटींवरच्या खलाशांसाठी ती तातडीने आखली गेली पाहिजे.