ब्रेंडाच्या बाळाचा निर्णय कुणी घेतला?

लेथवर उभा असलेला आर्थर सीटन मनाशी हिशेब मांडतो: दिवसाला हजार नग काढले की आठवड्याची मजुरी १४ पौंड, ३ शिलिंग, २ पेन्स. जीव तोडून राबलं तर हेच काम निम्म्या वेळात उरकेल, पण मग मालक दर कापतील. म्हणून हात बेतानंच चालवायचा. कारेल राइश यांचा ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ हा ब्रिटिश चित्रपट १९६० च्या ऑक्टोबरात लागला, तो सुरू होतो या हिशेबानं. कारखाना नॉटिंगहॅममधला, रॅले सायकलींचा; ज्या सायकलीचा आपल्याकडच्या कितीतरी घरांना अभिमान असे, तीच रॅले. पटकथा लिहिणारे अ‍ॅलन सिलिटो शाळा सोडून चौदाव्या वर्षी याच कारखान्यात लागले होते. त्यांचे वडीलही तिथंच कामाला होते. मजुरीचं हे गणित ऐकीव नाही.

या चित्रपटाचा विषय निघाला की बोलणं आर्थरवरच थांबतं. अल्बर्ट फिनीनं तो असा उभा केला आहे की ते साहजिकच आहे. मला मात्र ब्रेंडाचा माग काढायचा आहे. ब्रेंडा ही त्याच कारखान्यातल्या जॅकची बायको. नवरा घरी नसला की आर्थर तिच्याकडे जातो आणि त्याच्यापासून तिला दिवस राहतात. पुढं तिचं काय झालं हे सांगणारी तीन साधनं हाती आहेत: सिलिटो यांची १९५८ ची मूळ कादंबरी, पटकथेवर सेन्सॉर मंडळानं केलेला १९५९ चा पत्रव्यवहार आणि प्रत्यक्ष चित्रपट. ती क्रमानं वाचली की एक बदल लख्ख दिसतो.

कादंबरीत ब्रेंडा कढत पाण्याच्या टबात बसते आणि जिन पीत राहते. आर्थर त्याच घरात आहे. सिलिटो हा प्रसंग उरकून टाकत नाहीत. पाणी, वाफ, दारू, तिची गुंगी, सगळं वाचकाला पाहायला लावतात. उपाय लागू पडतो. १८६१ च्या कायद्यानं गर्भपात हा गुन्हा होता, तरी कादंबरीतल्या या माणसांना हा उपाय कुठं ना कुठं ऐकून ठाऊक आहे. आर्थरला इथं लेखक माफ करत नाहीत. त्याच रात्री तो ब्रेंडाच्या बहिणीच्या, विनीच्या, घरी असतो. चित्रपटात ही विनीच उरलेली नाही.

दुसरं साधन लंडनच्या कचेरीतलं. चित्रीकरणाआधी पटकथा ब्रिटिश सेन्सॉर मंडळाला दाखवून घ्यायची निर्मात्यांची रीत होती. पैसा खर्चून झाल्यावर कात्री लागण्यापेक्षा ते परवडे. वुडफॉल कंपनीनं १९५९ मध्ये पटकथा पाठवली आणि नोव्हेंबरात मंडळाचे सचिव जॉन ट्रेव्हेलियन यांनी निर्माते हॅरी साल्ट्झमन यांना कळवलं. शिव्या कमी करा, बिछान्यातली दृश्यं जपून घ्या, मारहाण फार क्रूर नको, हे आक्षेप होतेच. सर्वांत मोठा आक्षेप गर्भपातावर होता. पटकथा या गोष्टीकडे फार सहजपणे पाहते. अडचणीत सापडलेल्या तरुणांना वाटेल की बरीच मुलं झालेली एखादी मायाळू प्रौढ बाई गाठली की काम भागलं, असा त्याचा आशय. ही बाई म्हणजे आर्थरची एडा मावशी. ट्रेव्हेलियन यांना निव्वळ कात्रीबहाद्दर ठरवणं न्यायाचं नाही. त्यांनी चित्रपट अडवला नाही आणि तयार झाल्यावर ‘एक्स’ प्रमाणपत्र देऊन तो १६ वर्षांवरच्यांसाठी खुला केला. उपाय फळलेला दिसू नये, हा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

आता पडदा पाहा. एडा मावशीचा उपाय वाया जातो. डॉक्टरकडे जायचं तर ४० पौंड हवेत. वर सांगितलेल्या मजुरीशी ताडून पाहिलं तर ही आर्थरची जवळजवळ तीन आठवड्यांची कमाई होते. मग गूज फेअरच्या जत्रेत, पाळण्यांच्या गोंगाटात, ब्रेंडा त्याला सांगते की मूल ठेवायचं ठरवलं आहे. रेचल रॉबर्ट्सनं हे वाक्य रडून-भेकून म्हटलेलं नाही; हिशेब करून थकलेल्या बाईसारखं ती ते सांगते. त्या वर्षीचं ब्रिटिश अभिनेत्रीचं बाफ्टा पारितोषिक तिला मिळालं ते योग्यच होतं. त्यानंतर जॅकचा फौजी भाऊ आणि त्याचा साथीदार आर्थरला बदडून काढतात.

माझं म्हणणं असं की मंडळाच्या आक्षेपानं गोष्ट सौम्य झाली नाही, ब्रेंडापुरती ती जास्त कठोर झाली. कादंबरीतली ब्रेंडा भयंकर किंमत मोजून का होईना, सुटते. पडद्यावरची ब्रेंडा दुसऱ्याचं मूल पोटात घेऊन जॅकच्या संसारात परतते आणि तिचं उरलेलं आयुष्य काय असेल हे प्रेक्षकालाच ताडावं लागतं. तरुणांनी भलता धडा घेऊ नये म्हणून केलेल्या बदलातून लग्नाचं असं चित्र तयार झालं की त्यातून बाहेर पडायची एकही वाट शिल्लक नाही. चित्रपटाच्या शेवटी आर्थर आणि त्याची प्रेयसी डोरीन टेकडीवर बसून खाली उभी राहणारी नवी घरं पाहतात. तो त्या दिशेनं दगड भिरकावतो, ती रागावते आणि तो म्हणतो की हा काही शेवटचा नाही. पण डोरीनशी लग्न तो करणारच आहे. त्याच्या असंतोषाला दगड तरी सापडतो. ब्रेंडाचं पुढं काय, हे मात्र तिच्या तोंडून पुन्हा ऐकू येत नाही.

एवढा बदल करूनही वॉरिकशायर कौंटीच्या समितीचं समाधान झालं नाही. मंडळानं मंजूर केलेल्या चित्रपटावरही स्थानिक संस्थांचा अधिकार चाले. समितीनं आणखी काटछाट मागितली, वितरकांनी नकार दिला आणि त्या कौंटीत चित्रपट लागलाच नाही.