मैलांचें नाणें

पेशवाईंत अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत, आणि मुलूख बदलला कीं सराफ बट्टा कापून घेई. 1835 सालीं कंपनी सरकारनें एकच रुपया ठरविला, तेव्हां ही कटकट हळूहळू मिटली. ती निराळ्या वेषानें परत आली आहे, असें आमचें मत आहे.

1981 सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें प्रवाशाच्या नांवें मैल जमा करण्याचा उपक्रम सुरू केला. 1990 नंतर तो आपल्याकडेहि रुजला. पुढें बँकांच्या क्रेडिट कार्डांमुळें, विमानांत पाऊल न टाकतां केवळ किराणा भरणारा गृहस्थहि मैलांचा धनी होऊं लागला. पण या नाण्यामागें खजिना नसतो, कंपनीचा शब्द असतो. आणि एका तिकिटास किती मैल पडावे हें तीच ठरविते व तीच बदलते.

2012 सालीं किंगफिशरचीं विमानें जमिनीवर बसलीं, तेव्हां तिचे मैल मातीमोल झाले. 17 एप्रिल 2019 रोजीं जेट एअरवेज थांबली. तिचे मात्र वांचले. कारण 'जेटप्रिव्हिलेज' ही निराळी कंपनी केलेली होती, 2014 सालीं एतिहादनें तींत 50.1 टक्के हिस्सा घेतला होता, आणि मैल अन्यत्रहि खर्चितां येत. त्याच वर्षीं, म्हणजे 2019 सालीं, तिनें 'इंटरमाइल्स' हें नांव धारण केलें. राजा गेला, टांकसाळ मागें उरली!

नोव्हेंबर 2024 मध्यें विस्तारा एअर इंडियांत विलीन झाली. तिच्या सभासदांचे गुण 'महाराजा क्लब'कडे एकास एक गेले, बट्टा लागला नाहीं. पुढें तिकिटास किती गुण मागावे, हें मात्र 1946 सालीं बॉबी कूका यांनीं कल्पिलेला तो मिशाळ महाराजाच ठरविणार.