श्यामच्या आईचं कर्ज

'श्यामची आई' वर्गात वाचायला घेतली की मुलं रडायची ती आईच्या मरणाला. दापोली तालुक्यात मराठी शिकवताना माझा आवाज मात्र त्याच्या बराच आधी अडकायचा. सावकाराचा माणूस वसुलीला येऊन दारात बसतो तिथं. आमचं घराणं कुळाचं. वसुलीचा माणूस आला की काय करावं लागे, ते आजीनं सांगितलेलं. तो आमच्या हातचं खायचा नाही, म्हणून त्याला शिधा काढून द्यायचा, तांदूळ, डाळ, तेल, वर कोंबडी. मग म्हणे तो चार शब्द कमी बोलायचा!

श्यामचं घर आमच्या बाजूचं नव्हे. श्याम म्हणजे साने गुरुजी, पालगडचे, वडील खोत. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा तो खोत. पण कुळाकडून भाताचा निम्मा वाटा उचलायचा, वेठ वेगळी. गुरुजींच्या लहानपणी या घराची खोती नावापुरती उरली होती. भाऊबंदकीत राहतं घर सुटलं, कर्ज वाढत गेलं, शेवटी दवंडी पिटून जप्ती आली. आई गेली १९१७ मध्ये. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी पाच दिवसांत हे सगळं कागदावर उतरवलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं. पुढाकार नारायण नागू पाटलांचा. संप सहा वर्षं चालला, लोकांनी उपास काढले, मोळ्या विकल्या, पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. ती कायद्यानं गेली १९४९ मध्ये.

मला श्यामच्या घराचं आणि चरीच्या कुळांचं, ही दोन्ही पानं शेजारी ठेवूनच वाचावीशी वाटतात. त्यामुळे श्यामची आई लहान होत नाही. उलट ती हळवी बाई नव्हतीच, हे नीट दिसतं. पोहायला नको म्हणून पोरगा माळ्यावर लपला, तर तिनं शिंपटीनं झोडपून त्याला विहिरीवर धाडला. वाटेत पडलेल्या महार म्हातारीची मोळी उचलून द्यायला तिनंच पाठवलं, वर घरी येऊन आंघोळ कर म्हणाली. ती आंघोळ गुरुजींनी लपवली नाही, हे मला फार मोठं वाटतं. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून हाच मुलगा उपोषणाला बसला.

या पुस्तकावरचा अत्र्यांचा सिनेमा १९५३ चा. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं. तेव्हापासून महाराष्ट्राला आई आठवते, सावकार आठवत नाही.

पुस्तकात मथुरी नावाची एक कांडपीण आहे. ती तापानं पडते तेव्हा श्यामची आई तिच्यासाठी जेवण पाठवते. आमची आजीही खोताकडे भात कांडायला जायची. तिला तो भाग वाचून दाखवला, तर तिनं तो मन लावून ऐकला आणि विचारलं,

"बाय चांगली होती रे. पण कांडपाला काय द्यायची, ता लिवलाय काय?"

ते लिहिलेलं नव्हतं. आजीला मापभर तांदूळ मिळायचे, कधी नुसत्या कण्या.